रक्त पातळ करायची गोळी चालू असताना पाठीत अचानक कळ आली तर काय करायचं

घरात कुणाची अँजिओप्लास्टी झालीय, कुणाचा व्हॉल्व बदललाय, कुणाचे ठोके अनियमित पडतात म्हणून गोळी चालू आहे, कुणाच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, नाहीतर गुडघा बदलल्यावर पोटावर टोचायची इंजेक्शनं लिहून दिलीत, अशा सगळ्या घरांसाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, सिंधुदुर्गात मेडिकलच्या काउंटरवर बसतो, आणि रोज कुणीतरी येऊन सांगतं की "आयेच्या पाठीत उसण भरली हा, कसली तरी गोळी होयी". बहुतेक वेळा ती उसणच असते. पण ती आई रक्त पातळ करायच्या गोळीवर असेल तर मी आधी चार प्रश्न विचारतो, गोळी नंतर. ते चार प्रश्न तुम्हाला घरीच विचारता यावेत म्हणून हा सगळा खटाटोप.

या औषधांनी नाकातून रक्त येतं, हिरड्यांतून येतं, शी काळी होते, डोक्याला मार लागला तर धोका, हे बऱ्याच जणांना सांगितलेलं असतं. मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, कारण तो क्वचित होतो. क्वचित हा शब्द नीट वाचा, घाबरून आज रात्रीची गोळी टाकून देऊ नका, गोळी बंद केल्याने व्हॉल्ववर गुठळी होणं, स्टेंट बंद होणं, लकवा मारणं हे धोके त्याहून कितीतरी मोठे आहेत. पण जेव्हा तो होतो तेव्हा हातात दिवस नसतात, तास असतात, आणि आपल्याकडे त्यातले निम्मे तास रस्त्यातच जातात.

आत नक्की काय होतं

मणक्यांच्या आतून एक नळी जाते, त्यात मज्जारज्जू असतो, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारी मुख्य दोरी. त्या दोरीभोवती आवरण आणि आवरणाच्या बाहेर थोडी चरबी आणि पातळ भिंतीच्या शिरांचं जाळं. यातली एखादी शीर फुटली तर साध्या माणसात रक्त पटकन गोठून थांबतं, गोळीवर असलेल्या माणसात ते साचत राहतं. चारी बाजूंनी हाड, रक्ताला जायला जागा नाही, मग ते दोरीवर दाब देतं. आधी दुखतं, मग पायातली ताकद जाते, मग लघवी अडते. शीर फुटायला मोठा अपघात लागतोच असं नाही, जोरात खोकला, शिंक, संडासला कुंथणं, कळशी उचलणं, एवढ्यानेही झाल्याच्या केसेस आहेत, आणि काही वेळा तर कारणच सापडत नाही.

आधी करायचं काम: गोळी कुठली ते ओळखा

औषधांचा डबा घ्या आणि प्रत्येक स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा. दोन प्रकार असतात. एक, प्लेटलेट एकमेकांना चिकटू न देणाऱ्या: अॅस्पिरिन म्हणजे आपली इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलोर. दुसऱ्या, रक्त गोठायची क्रियाच मंद करणाऱ्या: असिट्रोम (मूळ नाव असेनोकुमेरॉल), वॉर्फ (मूळ नाव वॉर्फरिन), आणि नवीन पिढीतल्या रिव्हारोक्साबॅन, अॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, शिवाय हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं. मणक्यातल्या रक्तस्रावाची जास्त भीती दुसऱ्या प्रकाराची, आणि दोन्ही प्रकार एकत्र चालू असतील तर आणखी.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकवतात. कोलेस्टेरॉलची कॅप्सूल म्हणून जी घेतात त्यात कधी कधी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही भरलेलं असतं, इकोस्प्रिन गोल्ड हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. विचारलं तर सांगतात "नाय हो, रक्त पातळ करायची काय चालू नाय, फक्त हार्टची कॅप्सूल आहे". म्हणून नावावर जाऊ नका, मागे वाचा, नाही समजलं तर तुमच्या मेडिकलवाल्याला दाखवा, तो सांगेल.

मग एक जाड कागद घ्या, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीत लिहा: नाव, वय, कुठली गोळी, किती मिलिग्राम, किती वाजता, कशासाठी, कुठल्या डॉक्टरांची, शेवटचा आयएनआर किती (तो काय ते खाली सांगतो), किडनीचा क्रिएटिनिन किती, पेसमेकर आहे का. हा कागद पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो मुंबईत असलेल्या मुलाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवा. आपल्याकडे निम्म्या घरांत म्हातारा-म्हातारीच असतात, फाईल कपाटात कुठे आहे ते ऐनवेळी सापडत नाही.

आयएनआर आणि पावसाळा

असिट्रोम किंवा वॉर्फवर असाल तर आयएनआर ही तपासणी करावी लागते, ती रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगते. गोळी न घेणाऱ्याचा साधारण १ असतो, बहुतेकांना २ ते ३ मध्ये ठेवतात, डाव्या बाजूचा मायट्रल व्हॉल्व धातूचा असेल तर २.५ ते ३.५. चारच्या वर गेला की रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढतो. पण हेही लक्षात ठेवा की मणक्यात रक्तस्राव झालेल्या कित्येकांचा आयएनआर ठरलेल्या मर्यादेतच होता, त्यामुळे "परवाच तपासलंय, बरोबर आहे" म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष करायचं नाही.

आयएनआर सगळ्यात जास्त हलतो तो आजारपणात आणि खाणं बदललं की. ताप, जुलाब, चार दिवस जेवण नाही, त्यात कुणी मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फंगससाठी फ्लुकोनाझोल लिहून दिलं की आयएनआर वर उडतो. कुठलंही नवीन अँटिबायोटिक सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर करायचा, कुणी सांगितलं नाही तरी स्वतः विचारायचा. उलट पावसाळ्यात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला, अळू, माठ भरपूर खाल्ला जातो, त्यात व्हिटॅमिन के असतं, त्याने आयएनआर खाली येतो. भाजी सोडायची नाही, आपली पालेभाजी सोडायला सांगणाऱ्याचं मला कधीच पटत नाही, फक्त आठवड्याला जेवढी खाता तेवढीच साधारण वर्षभर खा, एकदम श्रावणात सगळंच पालेभाजीवर आणि नंतर एकदम बंद असं नको. नवीन पिढीच्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही आणि भाजीचाही प्रश्न नाही, पण त्यांना किडनी लागते, म्हणून क्रिएटिनिन वेळोवेळी बघायचा, आणि धातूचा व्हॉल्व असणाऱ्यांनी "नवीन गोळी चांगली म्हणतात" म्हणून बदलून मागायची नाही, त्यांना ती चालत नाही.

आणखी एक आपल्याकडचं. डेंग्यू, लेप्टो आणि बांदा-दोडामार्गकडचा माकडताप यात प्लेटलेट खाली येतात. अशा तापात रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे पहिल्याच वाक्यात डॉक्टरांना सांगा. फुरसं चावलं तरी तसंच, त्याच्या विषाने मुळातच रक्त गोठत नाही.

पाठ दुखली की आपण जे करतो ते

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण घोळ इथेच होतो. पाठ धरली की आधी डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असलं काहीतरी घेतात, कुणी स्वतःच्या उरलेल्या स्ट्रिपमधली देतं. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर या गोळ्या रक्तस्राव वाढवतात, पोटातही आणि बाकी कुठेही. दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, तीही असिट्रोम-वॉर्फवाल्यांनी भरपूर डोसमध्ये सलग आठवडाभर घेतली तर आयएनआर वाढवते, म्हणजे दोन दिवसांपेक्षा जास्त लागली तर डॉक्टर. मग कमरेवरचं इंजेक्शन. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने या लोकांना तिथेच रक्ताची मोठी गाठ होऊ शकते, त्यामुळे दवाखान्यात सुई भरायच्या आधी सांगा.

आणि मग तेल लावून जोरात रगडणं, मणका बसवून घेणं, पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेणं. पायाळूने नुसता पाय टेकवला तर त्याने काही होत नाही, श्रद्धा आहे तर असू दे, पण पाठीवर उभं राहणं, मान झटक्यात फिरवून कडकड मोडणं, कंबर पिळणं हे रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाला अजिबात करायचं नाही. मान मोडून घेतल्यावर मणक्यात रक्त साचल्याच्या केसेस झालेल्या आहेत. सलूनमध्ये दाढीनंतर जी मान मोडतात ती पण नको, सरळ "माझी गोळी चालू आहे" म्हणून सांगायचं.

पडणं टाळणं हाही याच्यातलाच भाग. जुलैमध्ये चिऱ्याच्या पायऱ्या, न्हाणीचा कोपरा, विहिरीकडची पाखाडी सगळं शेवाळलेलं असतं. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, रात्री लघवीला उठणाऱ्यांच्या वाटेत दिवा ठेवा, आणि असिट्रोमवर असलेल्या माणसाने आंबे उतरवायला किंवा नारळ पाडायला झाडावर चढायचं नाही, कितीही वर्षांचा सराव असला तरी.

पाठीत सुई जाणार असेल तर

सिझेरियन, हर्निया, गुडघा, प्रोस्टेट, मुतखडा, अशा बऱ्याच ऑपरेशनांना कमरेखालची भूल देतात, त्यासाठी मणक्याजवळ सुई घालतात. सायटिकासाठी मणक्यात इंजेक्शन देतात, मेंदूज्वराच्या संशयात पाठीतलं पाणी काढतात. या प्रत्येक ठिकाणी आधी गोळीचं बोलणं झालंच पाहिजे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एनॉक्सापॅरिनसारख्या इंजेक्शनांबद्दल १९९७ साली हाच इशारा दिला होता आणि २०१३ साली सुई किंवा भुलीसाठी पाठीत ठेवलेली बारीक नळी आणि डोस यांच्यात किती तास अंतर ठेवायचं ते पुन्हा सांगितलं.

भूलतज्ज्ञ साधारण अशी अंतरं धरतात: वॉर्फरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर नॉर्मल आल्याचं बघायचं, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, रिव्हारोक्साबॅन आणि अॅपिक्साबॅन ३ दिवस, डॅबिगॅट्रान किडनी बघून ३ ते ५ दिवस, एनॉक्सापॅरिनचा छोटा डोस १२ तास आणि मोठा डोस २४ तास. नुसती अॅस्पिरिन असेल तर कमरेखालची भूल सहसा देतात. हे आकडे मी देतोय ते तुम्ही घरी गोळी बंद करावी म्हणून नाही, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी विचारलंच नाही तर तुम्हाला खटकावं म्हणून. गोळी कधी थांबवायची, मधल्या काळात हेपॅरिन द्यायचं का आणि परत कधी सुरू करायची हे हार्टचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवायचं असतं, तारखा कागदावर लिहून मागा. नवीन स्टेंट असेल तर ऑपरेशन पुढे ढकलणं हेच बरेचदा शहाणपणाचं असतं. दात काढायचा असेल तर मात्र गोळी बहुतेकदा बंद करावी लागतच नाही, तिथे उगाच बंद करून धोका घेऊ नका.

ऑपरेशननंतर पेशंटजवळ बसणाऱ्या माणसाने हे एक बघायचं. कमरेखालच्या भुलीने पाय साधारण दोन ते चार तास बधिर राहतात, मग हळूहळू बोटं हलायला लागतात. वेळ टळून गेली तरी बधिरपणा उतरत नाही, किंवा उतरला होता आणि पुन्हा आला, पाय पुन्हा उचलेना, पाठीत जोरात दुखायला लागलं, तर सिस्टरना लगेच बोलवा आणि "भुलीचा असर असेल, सकाळी बघू" या उत्तरावर गप्प बसू नका, भूलतज्ज्ञांना फोन करायला लावा. पाठीतली नळी काढल्यावर पुढच्या एक-दोन दिवसांतही असं होऊ शकतं.

उसण की दुसरं काही: ते चार प्रश्न

उसण बहुधा काहीतरी केल्यावर भरते, एका बाजूला धरते, हालचालीने दुखते, पडून राहिलं की बरं वाटतं, आणि पाय व्यवस्थित चालतात. रक्तस्रावाचं दुखणं बरेचदा अचानक, सुरी खुपसल्यासारखं, मणक्याच्या मधोमध, मानेत किंवा दोन खांद्यांच्या मध्ये किंवा कमरेत, कधी छातीभोवती पट्ट्यासारखं फिरणारं किंवा पायात उतरणारं, पडून राहूनही न थांबणारं. मग काही मिनिटांत, तासांत, क्वचित एक-दोन दिवसांत पुढचं सुरू होतं. म्हणून विचारायचं:

रक्त पातळ करायची काही गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का?

पाय किंवा हात जड वाटतात का, उठून चार पावलं चालणं जमत नाही असं आहे का, चप्पल पायातून निसटते का?

कुठे मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, विशेषतः मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेवर?

लघवीला शेवटचं कधी गेला, लागलीय पण होत नाही असं आहे का, किंवा कळतच नाही असं?

पहिल्याचं उत्तर हो आणि बाकी तिघांपैकी एकाचंही हो, तर सकाळची वाट बघायची नाही, आत्ता निघायचं. लघवीच्या प्रश्नाला म्हातारे पुरुष "ता प्रोस्टेटचा जुना हा" म्हणून टाळतात आणि बायका लाजतात, तरी विचारा. आणि बाकी तिन्हींची उत्तरं नाही आली पण दुखणं अचानक आणि भयंकर आहे, तरी गोळी चालू असणाऱ्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर दर तासाला पाय उचलून बघायला सांगा.

मानेत रक्त साचलं तर कधी कधी एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडतो आणि सगळ्यांना वाटतं लकवा मारला. तिथे दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा: आधी मानेत जोरात कळ आली होती, आणि तोंड वाकडं झालेलं नाही, बोलणं स्पष्ट आहे. लकव्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात, ते इथे दिलं गेलं तर रक्तस्राव आणखी वाढतो.

निघताना

दुखणं नक्की किती वाजता सुरू झालं आणि पाय कधी जड झाले ती वेळ हातावर पेनने लिहा, आत गेल्यावर पहिला प्रश्न तोच असतो. १०८ ला फोन करा. पेशंटला मोटारसायकलवर मध्ये बसवून न्यायचं नाही, पडून झालं असेल तर फळीवर किंवा स्ट्रेचरवर, मान-पाठ न वाकवता, वाडीत गाडी येत नसेल तर चार माणसांनी फळीवरूनच रस्त्यापर्यंत आणायचं. खायला-प्यायला द्यायचं नाही, ऑपरेशन लागू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळीची वेळ रस्त्यात आली तर ती द्यायची नाही, हॉस्पिटलात पोचून डॉक्टर सांगतील तसं. शेवटचा डोस किती वाजता घेतला ते मात्र लिहून ठेवा. गोळ्यांच्या स्ट्रिपा, तो जाड कागद, पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड, आधार आणि रेशन कार्ड बरोबर घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात.

कुठे जायचं हे मात्र आजच ठरवा, कुणी आजारी नसताना. यासाठी जिथे रात्रीही एमआरआय होतो आणि न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे सर्जन आहेत अशी जागा लागते. सावंतवाडी-कुडाळकडची माणसं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात, कणकवली-रत्नागिरीची बरीच कोल्हापूरला, चिपळूणची डेरवण किंवा पुढे कराड-मुंबई, रायगडची पनवेल-नवी मुंबई. तुमच्या घरापासून दिवसा किती वेळ लागतो, पावसात करूळ किंवा आंबा घाटात दरड आली तर दुसरी वाट कुठली, गणपतीत हायवे तुंबला तर काय, याचा हिशोब करून दोन ठिकाणांचे फोन नंबर भिंतीवर लावा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी जायला हरकत नाही, तिथे सुई, सलाईन, लघवीची नळी, व्हिटॅमिन के होऊ शकतं, पण तिथून पुढच्या हॉस्पिटलला फोन करून "रक्त पातळ करायची गोळी चालू, पाय गेलेत, मणक्याचा एमआरआय लागेल" एवढं सांगूनच गाडी हलवायला सांगा.

हॉस्पिटलात गेल्यावर

रक्त तपासतात, आयएनआर, प्लेटलेट, किडनी, आणि मणक्याचा एमआरआय. नुसता एक्स-रे काढून "हाड ठीक आहे" म्हणाले तर तेवढ्याने समाधान नको, एक्स-रेत रक्त दिसत नाही, सीटी स्कॅनमध्येही ते चुकू शकतं. धातूच्या व्हॉल्वला आणि स्टेंटला एमआरआय सहसा चालतो, त्याच्या भीतीने वेळ घालवू नका. पेसमेकर असेल तर कार्ड बघून ठरवतात.

त्याच वेळी औषधाचा असर उतरवायचं काम सुरू होतं. असिट्रोम-वॉर्फला शिरेतून व्हिटॅमिन के, पण त्याला काही तास लागतात म्हणून बरोबर पीसीसी नावाचं, रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग. डॅबिगॅट्रानला इडारुसिझुमॅब हे खास औषध आहे. क्लोपिडोग्रेल-अॅस्पिरिनवर असा थेट उतारा नाही. प्लाझ्मासाठी रक्तपेढीत कुणाला पाठवायचं ते नातेवाइकांनी आधीच ठरवलं तर वेळ वाचतो.

पायातली ताकद जात असेल तर ऑपरेशन करून मणक्याचा मागचा भाग उघडतात आणि साचलेलं रक्त काढून दाब कमी करतात. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ ते १२ तासांच्या आत हे झालं तर पाय परत येण्याची शक्यता चांगली असते, आणि ऑपरेशनच्या आधी पायात थोडीतरी ताकद शिल्लक असलेल्यांचं जास्त सुधारतं. वेळ टळली म्हणून ऑपरेशन करूच नये असं नाही, ते सर्जन सांगतील. ताकद अगदी थोडीच गेलीय आणि आपोआप सुधारतेय अशा काही जणांना बारीक लक्ष ठेवून ऑपरेशनशिवायही बरं करतात.

नंतर

घरी आल्यावर पहिला प्रश्न असतो की गोळी परत कधी. धातूचा व्हॉल्व असेल तर ती लवकर सुरू करावी लागते, ठोके अनियमित असतील तर थोडं थांबता येतं, पायातली जुनी गुठळी असेल तर गोळी चालू ठेवायची गरज आहे का हेच पुन्हा तपासतात. सर्जन आणि हार्टचे डॉक्टर दोघांना विचारून तारीख फाईलवर लिहून घ्या, नाहीतर एकजण म्हणतो त्यांना विचारा आणि दुसरा म्हणतो यांना, आणि महिनाभर गोळी कुणीच सुरू करत नाही. पाय अशक्त असतील तर फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून, दर दोन तासांनी कूस बदलणं, टाचा आणि माकडहाड रोज बघणं, लघवीची नळी असेल तर ती कधी बदलायची त्याची तारीख. कुठल्या सरकारी दवाखान्यात फिजिओ कुठल्या वारी येतात ते तुमच्या आशाताईंना विचारा, त्यांना बहुतेक माहीत असतं.